कपाटांतील पुस्तकें आणि पडद्यावरील पुस्तकें

चांगली वस्तु आणि वाईट वस्तु यांतून निवड करतांना मनुष्याची जी तारांबळ उडत नाहीं, ती दोन चांगल्या वस्तूंतून एकीची निवड करतांना उडते. वाईट वस्तु टाकतांना फार तर मोह आड येतो. दोन चांगल्या वस्तूंपुढें बुद्धीच गोंधळून जाते. छापील पुस्तक घ्यावें कीं ई-पुस्तक, हा प्रश्न याच जातीचा आहे. वक्तृत्वसभांतून या विषयावर हिरिरीनें वाद होतात, आणि टाळ्या मिळवून दोन्ही पक्ष आपापल्या घरीं जातात. आमच्यावर मात्र हा प्रश्न सोडविल्यावांचून गत्यंतर नाहीं असा प्रसंग गेल्या वर्षीं आला. कारण त्यांत आमचा थोडाबहुत पैसा आणि एका वृद्ध माणसाचें वाचन गुंतलें होतें. त्या निमित्तानें जो विचार करावा लागला तो आमच्या विद्यार्थी वाचकांपुढें मांडावा, एवढाच या लेखाचा हेतु.

आमच्या घरांत आजोबांच्या वेळचें एक सागवानी कपाट आहे. त्यांत दोनशेंच्या आसपास पुस्तकें आहेत. आजोबांच्या पश्चात् त्यांस दरवर्षीं ऊन दाखविण्याचा परिपाठ मोडला, आणि कडुनिंबाचा पाला व डांबराच्या गोळ्या यांस न जुमानतां कसरीनें आपलें काम चालूं ठेविलें. कित्येकांची शिवण उसवली, कित्येकांचे पुठ्ठे निखळले. सर्व पुस्तकें पुन्हा बांधून घ्यावींत म्हणून आम्हीं कांहीं रक्कम बाजूस काढून ठेविली होती, व बांधणी करणाऱ्या कारागिरानें सांगितलेला खर्चही जवळ जवळ तेवढाच आला. परंतु त्याच सुमारास आजीच्या डोळ्यांनीं निराळाच खर्च पुढें केला. तिचें वय चौऱ्यायशीं. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पूर्वींच झालेली; आतां डोळ्याच्या आंतील पडद्याचा विकार जडला, व त्यावर चष्म्याचा उपाय चालणार नाहीं, असें डॉक्टरांनीं सांगितलें. दुपारीं हातांत पुस्तक घेतल्याशिवाय जिनें जन्मभर कधीं पाठ टेकली नाहीं, ती भिंग धरून एकेक शब्द जुळवूं लागली. अक्षर मोठें करून वाचतां येईल असें ई-पुस्तकांचें यंत्र घ्यावें, अशी सूचना आमच्या धाकट्या बहिणीनें केली. पैसे एका कामापुरते होते. कामें दोन होतीं.

यंत्राचा पक्ष आधीं पाहूं. मोबाईलचा पडदा आपल्या प्रकाशानें वाचकाच्या डोळ्यांवर झगमगत राहतो. ई-पुस्तकांसाठीं केलेल्या खास यंत्राचा पडदा तसा नसतो. त्यांत अतिशय सूक्ष्म कुप्या असून प्रत्येक कुपींत विद्युद्भारित असे काळे व पांढरे कण तरंगत असतात. विजेचा इशारा मिळतांच कांहीं ठिकाणीं काळे कण वर येतात, कांहीं ठिकाणीं पांढरे येतात, आणि अक्षर उमटतें. उमटलेलें पान तसेंच राखण्यास वीज लागत नाहीं. ती लागते पान उलटतांना. त्यामुळें भर उन्हांतही हें पान कागदासारखें वाचतां येतें. याहून महत्त्वाची गोष्ट ही, कीं त्यावरील अक्षर हवें तेवढें मोठें करतां येतें. छापखान्यांत एकदां बसविलेला खिळा वाचकाच्या वयाप्रमाणें वाढत नाहीं. येथें तो वाढतो. ज्यांस मुळींच दिसत नाहीं त्यांस ई-पुस्तक यंत्राच्या आवाजांत ऐकतांही येतें. अंध वाचकांसाठीं पुस्तकांचीं अशीं सुलभ रूपें तयार करण्यास ग्रंथहक्काची आडकाठी राहूं नये, म्हणून २०१३ सालीं माराकेश येथें एक आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यास २०१४ सालीं सर्वांच्या आधीं मान्यता देणारें राष्ट्र भारत होय.

दुसरा गुण सुलभतेचा. मोल्सवर्थसाहेबांच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ सालची दुसरी आवृत्ति हाताळावयाची म्हणजे दोन्ही हात व एक भक्कम मेज लागतें. तोच कोश शिकागो विद्यापीठानें इंटरनेटवर ठेविला असल्यामुळें खेड्यांतील विद्यार्थीही त्यांतील शब्द क्षणांत शोधूं शकतो. मराठी विश्वकोशाचे २० खंड विकत घेऊन घरांत ठेवणें कितीकांस शक्य आहे? तेही आज विनामूल्य उघडतां येतात. २०२० सालीं साथीमुळें शाळा बंद पडल्या, तेव्हां ज्या मुलांनीं बालभारतीचीं पुस्तकें वडिलांच्या मोबाईलवर उघडलीं, त्यांस ई-पुस्तकाचें महत्त्व सांगावयास नको. आणि ज्या घरांत मोबाईल एक व भावंडें तीन होतीं, त्यांस त्याच्या उणिवाही सांगावयास नकोत.

आतां कपाटाचा पक्ष. कागदाचा वास, पानांची सळसळ, हातास होणारा स्पर्श, यांविषयीं पुष्कळ लोक पुष्कळ लिहितात. तें सर्व खरें असलें, तरी ज्या माणसास अक्षरच दिसत नाहीं त्यास वासाचें कौतुक सांगणें हें उपाशी माणसास ताटाची नक्षी दाखविण्यासारखें आहे. कपाटाच्या बाजूनें खरा बलवान् मुद्दा निराळा आहे, व तो मालकीचा. छापील पुस्तक विकत घेतलें म्हणजे तें आपलें झालें. तें मित्रास देतां येतें, भाचीस बक्षीस करतां येतें, रद्दीवाल्यास विकतांही येतें. विकत घेतलेलें बहुतेक ई-पुस्तक मात्र आपलें होत नाहीं. ठराविक अटींवर तें वाचण्याची परवानगी तेवढी आपणांस मिळते. परवानगी आणि मालकी यांतील अंतर एरवीं दिसून येत नाहीं. तें दिसलें २००९ सालीं. ॲमेझॉन कंपनीनें जॉर्ज ऑर्वेल यांच्या दोन कादंबऱ्यांच्या ई-प्रती ग्राहकांच्या यंत्रांतून दुरूनच पुसून टाकिल्या. कारण त्या विकण्यास ठेवणाऱ्यास तसा हक्कच नव्हता. कंपनीनें पैसे परत केले व पुढें क्षमाही मागितली. परंतु विकत घेतलेलें पुस्तक रातोरात कपाटांतून नाहींसें होतें, ही गोष्ट छापील पुस्तकाच्या वाचकाच्या स्वप्नांतही नव्हती. पुढें २०१९ सालीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें आपलें ई-पुस्तकांचें दुकानच बंद केलें, आणि तेथें घेतलेलीं पुस्तकें उघडेनाशीं झालीं. पुस्तकांची किंमत ग्राहकांस परत मिळाली. ज्यांनीं समासांत टिपणें केलीं होतीं त्यांस आणखी २५ डॉलर मिळाले. टिपणें मात्र गेलीं. आजोबांनीं पेन्सिलीनें भरून काढलेले समास पाहतांना ती २५ डॉलरांची गोष्ट आम्हांस अनेकदां आठवली.

पूर्वींचे लेखक पोथी लिहून संपविल्यावर अखेरीस पोथीच्याच तोंडून एक विनंती घालीत. तेलापासून, पाण्यापासून व सैल बांधणीपासून मला राख, आणि मूर्खाच्या हातीं मला देऊं नको, असा तिचा आशय असे. आजच्या ई-पुस्तकास तोंड फुटलें, तर तें या यादींत दुकान बंद पडण्याचें भय निश्चित घालील.

परंतु म्हणून छापील पुस्तक अमर आहे असें म्हणावें काय? इतिहास तसें म्हणूं देत नाहीं. फादर थॉमस स्टीफन्स यांचें ख्रिस्तपुराण हें मराठींतील मोठें काव्य प्रथम १६१६ सालीं गोव्यांत रायतूर येथें रोमन लिपींत छापलें गेलें. त्याच शतकांत १६४९ व १६५४ सालीं त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. काव्य मात्र उपलब्ध आहे. कारण तें वाचणाऱ्या लोकांनीं हातानें त्याच्या नकला करून ठेविल्या, आणि त्यांच्याच आधारें १९०७ सालीं मंगळूर येथें तें पुन्हा छापलें गेलें. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, तेव्हां पुण्यांत नदीकांठच्या घरांत शिरलेल्या पाण्यानें पुस्तकांची गय केली नाहीं. आमच्या कपाटांतील कसरीलाही दुकान बंद करण्याची गरज पडली नाहीं. तात्पर्य, पुस्तक टिकतें तें कागदाच्या बळावर नव्हे व पडद्याच्याही बळावर नव्हे. कोणी तरी तें वाचीत राहतो व पुढच्यास देतो, म्हणून तें टिकतें.

विद्यार्थ्यांच्या हिताचा म्हणून आणखी एक मुद्दा येथें सांगितला पाहिजे. वाचलेलें कोठें अधिक समजतें, कागदावर कीं पडद्यावर, याविषयीं झालेल्या ५४ संशोधनांचा एकत्रित अभ्यास २०१८ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत १ लाख ७० हजारांहून अधिक वाचकांची माहिती विचारांत घेतली होती. माहितीपर मजकूर, विशेषतः वेळेचें बंधन असतांना, कागदावर अधिक चांगला समजतो, असें त्यांत दिसून आलें. गोष्टीरूप मजकुरांत मात्र असा फरक आढळला नाहीं. परीक्षेचा अभ्यास करणाऱ्यानें यावरून काय तें समजून घ्यावें. चौऱ्यायशींव्या वर्षीं गोष्ट वाचूं इच्छिणाऱ्या आजीसही यावरून कांहीं समजून घेतां येतें.

इतका विचार झाल्यावर आम्हीं कपाटांतील पुस्तकें खालीं काढून सतरंजीवर मांडलीं, आणि प्रत्येक पुस्तक हातांत घेऊन तीन प्रश्न विचारले. हें आतां कोण वाचणार? हें गेलें तर पुन्हा मिळेल काय? आणि हें पुढें कोणास द्यावयाचें आहे? ज्यांच्या नव्या आवृत्त्या दुकानांत मिळतात अशीं पुस्तकें पुष्कळ निघालीं. आपल्या देशांत लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनीं ग्रंथहक्क संपतो. त्यामुळें जुन्यांपैकीं कित्येक पुस्तकें ई-रूपांत फुकटही मिळतात असें आढळलें. शेवटीं एकतीस पुस्तकें अशीं उरलीं, कीं जीं अन्यत्र कोठेंही सांपडेनात, अथवा ज्यांच्या समासांत आजोबांचें अक्षर होतें.

निर्णय मात्र आम्हीं केला नाहीं. तो आजीनें केला. आम्ही तिला कपाटाचें महत्त्व समजावून सांगूं लागलों, तेव्हां ती म्हणाली, "अरे, कपाट काय, माझ्यामागेंही राहील. मला वाचायचंय तें आतां. पुस्तकांना ऊन दाखवायला हात लागतात, पैसे नव्हे. ते हात तुम्हां पोरांना आहेत कीं नाहींत?" या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. यंत्र आणलें. एकतीस पुस्तकांची बांधणी पुढील वर्षभरांत थोडी थोडी करून घ्यावयाचें ठरलें. त्यांतील अकरा आजपर्यंत बांधून झालीं. बाकीच्यांतून चांगल्या स्थितींतील पुस्तकें गांवच्या वाचनालयास दिलीं, आणि कपाट दरवर्षीं उन्हांत रिकामें करण्याचें काम आम्हां भावंडांकडे आलें.

येथें वाचकांस वाटेल, कीं यंत्रानें सर्व प्रश्न सोडविला. तसें झालें नाहीं. एका पानावर सात-आठ ओळी मावतील एवढें अक्षर करून आजी आतां रोज दुपारीं वाचते, हें खरें. पण तिच्या फार आवडीचीं कित्येक पुस्तकें यंत्रावर मिळतच नाहींत. कांहीं मिळतात तीं जुन्या पानांचीं नुसतीं छायाचित्रें असतात; त्यांतील अक्षर मोठें केलें कीं ओळ पडद्याबाहेर जाते, आणि ती ओढून ओढून वाचावी लागते. अशीं पुस्तकें रात्रीं जेवणानंतर आम्ही तिला कपाटांतून काढून मोठ्यानें वाचून दाखवितों. आजोबांच्या समासांतील टिपणें आलीं म्हणजे तींही वाचावीं लागतात. एखादें गाळलें तर तिच्या तें ध्यानांत येतें. त्या निमित्तानें ज्या पुस्तकांचीं नुसतीं नांवें आम्हांस ठाऊक होतीं, त्यांतील चार आम्हीं प्रथमच वाचलीं.

विद्यार्थिमित्रहो, छापील पुस्तक श्रेष्ठ कीं ई-पुस्तक श्रेष्ठ, असा विषय तुमच्या वक्तृत्वसभेंत निघाला, तर हव्या त्या पक्षानें खुशाल बोला. बक्षीस कोणत्याही पक्षास मिळो. मात्र पुस्तक घेण्याची वेळ आली म्हणजे पक्षाचा विचार सोडून त्या पुस्तकाचा व त्याच्या वाचकाचा विचार करा. शब्द शोधावयाचा असेल, दूरचा ग्रंथ पाहावयाचा असेल, अक्षर लहान पडत असेल, तर ई-पुस्तक घ्या. ज्याचा कसून अभ्यास करावयाचा आहे, ज्यांत आपल्या हातानें लिहावयाचें आहे, जें पुढें कोणास तरी द्यावयाचें आहे, तें पुस्तक छापील घ्या. आणि येत्या मे महिन्याच्या सुटींत आपल्या घरांतील पुस्तकें एकदां उन्हांत काढा. त्यांतील एखादें उघडून घरांतील वडील माणसास दोन पानें वाचून दाखवा. त्यास तें हवें होतें काय, हें तुम्हांस लगेच कळेल.