अनाथ टोमॅटो आणि लग्न झालेली डाळ

आमची मुलगी जर्मनीत परिचारिका आहे. २०२४ च्या मार्चमध्ये तिने आम्हां दोघांना तिकडे बोलावून घेतले आणि तिथून दहा दिवस ग्रीसला नेले. संगमरवरी खांब पाहिले, निळा समुद्र पाहिला. त्यावर पुष्कळांनी लिहिले आहे. मी लिहिते आहे ते जेवणाबद्दल, कारण आमच्या घरातले एक भांडण त्या दहाही दिवसांत आमच्या ताटाशेजारी बसलेले होते.

भांडण असे. मुलीने आधी मटण-मासे सोडले, मग अंडी आणि शेवटी दूध, दही, तूपसुद्धा. याला 'व्हेगन' म्हणतात. ह्यांना ते फार लागले. "आमच्या लहानपणी दूध दिसायचे ते चहात. अंडे मिळायचे ते ताप आल्यावर. आता घरात आले, तर तू टाकतेस?" माझी भीती निराळी होती. पुण्यात शिकत असताना याच मुलीला तीन ठिकाणी खोली नाकारली होती, 'आम्ही व्हेजिटेरियन लोकांनाच देतो' असे सांगून. त्या प्रश्नाआड नेमके काय विचारलेले असते, ते आपल्या वाचकांना सांगायला नको. तेच सोवळे आता माझ्याच घरात शिरले की काय, असे मला वाटे. मुलगी म्हणायची, "आई, मी जनावरांसाठी सोडले. कुणापेक्षा उंच व्हायला नाही." पण माझ्या मनातून ते जाईना.

आम्ही अथेन्सला पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी, १८ मार्चला, त्यांचा 'कथारा देफ्तेरा' होता. म्हणजे स्वच्छ सोमवार. त्या दिवसापासून ईस्टरपर्यंत ४८ दिवस तिथल्या सनातनी ख्रिस्ती पंथाचा मोठा उपास चालतो. त्याला 'सराकोस्ती' म्हणतात. फिलोपापू टेकडीवर पोरेसोरे पतंग उडवत होती. समोर अक्रोपोलिस, डोक्यावर पतंग, आणि गवतावर सतरंज्या टाकून बसलेली कुटुंबे. प्रत्येकाच्या पिशवीत एक लांबट चपटी, तीळ लावलेली भाकर. ती 'लागाना'. ती याच दिवसासाठी भाजतात. शेजारच्या बाईंनी आम्हांला न विचारता अर्धी मोडून दिली, वर ऑलिव्ह ठेवले. कोण, कुठले, काही चौकशी नाही.

या उपासात मांस नाही, अंडे नाही, दूध-लोणी-चीज नाही. मुलीला जे परदेशात ठिकठिकाणी समजावून सांगावे लागे, ते इथे एका शब्दात होई : 'निस्तीसिमो', म्हणजे उपासाला चालणारे. खानावळीतला माणूस लगेच मान हलवून पाच पदार्थ सांगे. वर्षभरातले सगळे उपास धरले तर निम्म्याच्या आसपास दिवस भरतात म्हणे. पाळणारे आता कमी आहेत, पण शेकडो वर्षे स्वयंपाक त्या हिशोबाने होत आला आहे. म्हणून तिथली बिनदुधाची भाजी कुणाची तरी नक्कल वाटत नाही.

मात्र एक मेख आहे. उपासाचा नियम रक्तावर ठरलेला आहे. आठपाय, माकुळ, कोळंबी यांना रक्त नाही असे मानून ते चालतात. मधही चालतो. 'तारामोसलाता' नावाची गुलाबी चटणी उपासाचीच, पण ती माशांच्या अंड्यांची. म्हणून मुलगी पुढे जोडून विचारायची : 'होरीस तिरी', चीज नको, 'होरीस गाला', दूध नको. 'होरीस' म्हणजे शिवाय. पालकाच्या पापुद्र्याच्या वडीत बहुधा फेटा चीज असते, आणि 'त्राहाना' हे सूप बहुतेक दुधातले. ज्याला जायचे आहे त्याने एवढे लक्षात ठेवले तर उपाशी राहणार नाही.

आणखी एक लक्षात ठेवावे. ग्रीक भाषेत 'ने' म्हणजे होय, आणि 'ओही' म्हणजे नाही! पहिल्या दिवशी खानावळीच्या मालकीणबाईंनी आणखी वाढू का असे खुणेने विचारले. ह्यांनी आपल्या सवयीने "ओ, हो" केले. बाईंनी भरलेले भांडे परत आत नेले. ह्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

त्या भांड्यात होते 'यिगांतेस', म्हणजे राक्षसी घेवडा, टोमॅटोत भट्टीत भाजलेला. तेलात शिजलेल्या अशा भाज्यांना 'लादेरा' म्हणतात; लादी म्हणजे तेल. तेल ऑलिव्हचे, आणि हात आखडता नाही. खाली जो रस्सा उरतो तो भाकरीने पुसून खायचा. तिथे ह्यांचा राग जरा उतरला. भाकर बुडवून खाणाऱ्या माणसांशी त्यांचे पटतेच.

नावेही मजेशीर. टोमॅटो आणि ढोबळी मिरचीत भात भरतात. खिमा न घालता केले तर म्हणतात 'ओर्फाना', अनाथ! द्राक्षाच्या पानात भात गुंडाळून केलेल्या वळकट्या, त्यात मांस नसेल तर 'यालांजी'. हा तुर्की शब्द, अर्थ खोटारडे. सन १९२३ च्या करारानंतर तुर्कस्तान आणि ग्रीस यांच्यात माणसांची अदलाबदल झाली. १९२२ च्या युद्धातून पळून आलेले धरून दहा लाखांहून अधिक निर्वासित ग्रीसमध्ये आले. त्यांच्याबरोबर त्यांचे स्वयंपाकघरही आले.

पिरेयस बंदरातून बोटीने सात-आठ तासांवर सांतोरिनी बेट आहे. मार्चमध्ये निम्मी दुकाने बंद होती. तिथे मी 'फावा' खाल्ली आणि चमचा हातातच राहिला. पिवळी डाळ घोटलेली, वर कच्चा कांदा, लिंबू, तेल. चव ओळखीची! मुलीने फोनवर शोधून सांगितले, "आई, ही आपल्या लाखोळीची बहीण आहे." लॅथिरस हे एकच कूळ, जात वेगळी. राखेच्या कोरड्या जमिनीत, समुद्रावरच्या दमट हवेवर ती येते. तिथल्या आक्रोतिरी गावी ज्वालामुखीखाली गाडल्या गेलेल्या, साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीतही तिचे दाणे मिळाले आहेत. कांदा आणि केपर घालून शिजवली की तिला 'लग्न झालेली फावा' म्हणतात. आज तिला युरोपात मानाचे नामांकन आहे आणि पर्यटक ती महागाने खातात.

आमच्या भंडाऱ्याकडची लाखोळी मात्र मजुराची डाळ. माझ्या आजीला कामाच्या मोबदल्यात तीच मिळे. दुष्काळात महिनोन्‌महिने तेवढीच खाल्ली की पायातले बळ जाते, म्हणून १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली. आजी म्हणायची, डाळ वाईट नव्हती, दुसरे काही नव्हते हे वाईट होते. ती आठवण मी त्या टेबलावर सांगितली. हे काही बोलले नाहीत, पण मुलीच्या ताटात त्यांनी स्वतःच्या हाताने आणखी फावा वाढली.

रानभाजीचेही तसेच. तिला 'होर्ता' म्हणतात. रानातून खुडायची, उकडायची, तेल-लिंबू घालायचे. सन १९४१-४२ च्या हिवाळ्यात, जर्मन ताब्यात असताना, अथेन्समध्ये हजारो माणसे भुकेने मेली. तेव्हा माणसे होर्ता शोधत माळावर हिंडत. उन्हाळ्यात तिथे आपला माठ मिळतो, त्याला 'व्लीता' म्हणतात. मूर्ख माणसालाही 'व्लीतो' म्हणतात. आपली घोळ ते कच्चीच कोशिंबिरीत घालतात.

आठवडी बाजारात स्ट्रॉबेरीचे ढीग होते. आम्ही घेतल्या. ओमोनिया चौकाजवळच्या दुकानात एक बांगलादेशी भाऊ हिंदीत बोलला. पिशवीकडे पाहून म्हणाला, "मी तीन वर्षे हीच तोडली आहेत." पश्चिमेकडच्या मानोलादा गावी १७ एप्रिल २०१३ रोजी सहा महिन्यांची थकलेली मजुरी मागणाऱ्या बांगलादेशी मजुरांवर मुकादमांनी गोळ्या झाडल्या होत्या. तीसेक जण जखमी झाले. स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने मार्च २०१७ मध्ये निकाल मजुरांच्या बाजूने दिला आणि ग्रीस सरकारला दोषी धरले. मुलगी ती पिशवी हातात धरून बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "यात जनावर नाही, एवढेच मी पाहत होते." स्ट्रॉबेरी आम्ही खाल्ल्या. टाकणार कुठे?

माझ्या मनातले ते दुसरे मात्र एका साध्या गोष्टीने गेले. तिथे एकाच चुलीवर एका भांड्यात कोकरू आणि दुसऱ्यात घेवडा. ह्यांनी मटण मागवले, मुलीने अनाथ टोमॅटो. एकच वाढपी, एकच टेबल, आणि दोघांनी भाकर एकाच टोपलीतून घेतली. माझी मुलगी त्या टेबलावर अवघडून बसली नाही की ताट बाजूला ओढून घेतले नाही. मी ते मुद्दाम पाहत होते.

निघताना मालकीणबाईंनी रव्याचा हलवा दिला. हा आपला शिराच, पण तुपाऐवजी तेलात. प्रमाण त्यांनी बोटांवर सांगितले : एक वाटी तेल, दोन रवा, तीन साखर, चार पाणी. रवा तेलात तांबूस भाजायचा, वरून साखरेचे उकळते पाणी, दालचिनी, बदाम. घरी आल्यावर मी तो शेंगदाण्याच्या तेलात केला, साखर दोनच वाट्या घातली. ह्यांनी चाखून विचारले, "तूप कमी पडले का?" मी म्हटले, "ओही."