खोबऱ्याचा वास

दूरचित्रवाणीवर गोल्फ दिसला की तुमच्यापैकी बहुतेक जण वाहिनी बदलत असतील. त्यात तुमची चूक नाही. हा खेळ पाहण्याचा नव्हे, चालण्याचा आहे.

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, सेंट अँड्र्यूज गावाच्या ‘ओल्ड कोर्स’वर तर चालण्यावाचून गत्यंतरच नाही. १७६४ मध्ये इथल्या २२ होलांचे १८ झाले आणि पुढे जगभर तीच संख्या रूढ झाली. गावाकडे पाठ करून निघायचे आणि जवळजवळ त्याच पट्ट्यातून परत यायचे. जाणारे आणि येणारे सात विस्तीर्ण हिरवळी वाटून घेतात, आणि अशा प्रत्येक हिरवळीवरील दोन होलांच्या क्रमांकांची बेरीज १८ भरते! मैदान कोणा धनिकांच्या क्लबाचे नसून सार्वजनिक आहे. सोडतीत नाव निघाले की खेळता येते.

मे महिन्यातल्या एका शुक्रवारी आमची नावे निघाली. सोबती माझा वर्गमित्र, मूळचा मालवणचा, गेली पंचवीस वर्षे डंडीत भूलतज्ज्ञ. वाटेच्या कडेला गॉर्सची काटेरी झुडपे पिवळ्या फुलांनी लगडली होती. या फुलांना चक्क खोबऱ्याचा वास येतो. मी म्हणालो, “अरे, तुझ्या आईच्या स्वयंपाकघरात उभा आहे असं वाटतंय.” तो थांबला, फुलांवर वाकला. “मला काहीच वास येत नाही.”

त्यानंतर माझे खेळावरचे लक्ष उडाले. दवाखान्यात रुग्ण पाच मिनिटे आणि तेही बसलेला दिसतो. इथे एक माणूस चार तास माझ्यापुढे चालत होता. त्याचा डावा हात पावलांबरोबर हलत होता, उजवा अंगाशी तसाच लोंबत होता. खांदा काही महिने आखडल्याचे त्याने सकाळीच सांगितले होते. नवव्या होलापाशी धावफलकाचा कागद पाहिला. पहिल्या होलापासून त्याचे आकडे लहान लहान होत गेले होते.

यातले एकेक लक्षण सुटे पाहिले तर त्याला साधी कारणे असतात. सर्दीनेही वास जातो, खांदा तर साऱ्यांचाच दुखतो. तिन्ही एकत्र दिसली की मात्र कंपवाताची, म्हणजे पार्किन्सन्सची, शंका घेऊन मेंदूविकारतज्ज्ञांकडून तपासून घ्यावे. हात थरथरत नाही म्हणून निर्धास्त राहू नये. कित्येकांना सुरुवातीला थरथर नसते. तुमच्या घरातील वडीलधाऱ्यांबरोबर फिरायला जाल तेव्हा कधी दोन पावले मागे राहून त्यांचे हात पाहा.

फटका मात्र त्याचा अजून देखणाच होता. चौदाव्या होलावर ‘हेल’ नावाच्या वाळूच्या खड्ड्यात मी चार फटके घालवले (नाव सार्थ आहे), तो सहज पुढे निघून गेला.

सांगावे की न सांगावे? अठराव्या होलावर स्विलकन ओढ्यावरचा इवलासा दगडी पूल लागतो. तिथे सगळे छायाचित्र काढतात, आम्हीही काढले. मी तोंड उघडणार तोच तो म्हणाला, “पाचव्या होलापासून तू माझ्या हाताकडे बघतो आहेस.”

“हो.”

“बायकोही म्हणते. मी खांद्यावर ढकलत होतो.” मग जरा वेळाने, “सोमवारी वेळ घेतो. तू तोवर थांब.”

रविवारी या मैदानावर खेळ बंद असतो. गावकरी कुत्री घेऊन फिरायला येतात. आम्हीही गेलो, क्लब न घेता. तो उजवा हात मुद्दाम, शाळकरी पोराने कवायत करावी तसा, पुढे-मागे हलवत चालला होता.