मित्राची रायफल

“तूच सांग काय द्यायचं ते,” मित्र म्हणाला आणि मी अडकलो.

पुण्यातल्या एका रेंजवर मी २ वर्षं क्लबच्या रायफलने सराव करतोय. १० मीटर एअर रायफलमध्ये दहा गुणांचा ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. दर वेळी दुसऱ्याच्या मापाची रायफल खांद्याला लावून तो सापडत नाही. मित्राकडे ६ वर्षं वापरलेली जर्मन रायफल होती. ४.५ मिमीची, २० ज्यूलच्या आतली. म्हणजे परवान्याची भानगड नाही. भानगड फक्त किमतीची.

सवयीने एक्सेल उघडलं. नवीची किंमत, घसारा, सीलचा खर्च. रेंजवर दोघातिघांना विचारलं. अशी रायफल सव्वा लाखाला सहज जाते म्हणाले. मित्र मात्र म्हणाला, “८० दे.”

त्याची नोकरी ३ महिन्यांपूर्वी गेली होती आणि घराचा हप्ता थांबत नव्हता. ते ८० हजार रायफलीचे नव्हते, घाईचे होते. वर त्यानेच सिलिंडर फिरवून त्यावरची तारीख दाखवली. “याची १० वर्षं भरत आलीत. नवा घ्यावा लागेल, २५ हजार धर.” मला हे कळलंही नसतं.

त्या रात्री ८० चा मोह झाला, हे कबूल करतो. सकाळी उलटं टोक गाठलं आणि सव्वा लाख देऊ केले. तो चिडला. “मदत करायची तर उसने दे. सौद्यात दान घुसवू नकोस. उद्या रायफल बिघडली तर तुला माझ्याशी भांडता आलं पाहिजे.”

मग मी स्वतःला एकच प्रश्न विचारला: त्याची नोकरी शाबूत असती, तर त्याने ही कितीला विकली असती? सव्वा लाखातून सिलिंडर वजा. १ लाख. त्यानेही तोच हिशेब करून पाहिला आणि मान हलवली. आम्ही साध्या कागदावर पावती लिहिली.

आठवड्याने त्याने ५० हजार उसने मागितले. मी दिले. त्याची वेगळी चिठ्ठी केली, रायफलीच्या पावतीला जोडली नाही. माझी गरज आणि त्याची अडचण एकाच आकड्यात कोंबली असती, तर आम्हा दोघांनाही तो आकडा कायम टोचत राहिला असता.

आता दर रविवारी तो रेंजवर येतो, मागे उभा राहतो आणि माझा खांदा वर गेला की ओरडतो.