पोत्यातल्या स्प्रिंगा

आम्हा धर्मगुरूंच्या वाट्याला जे येते ते सहसा दुसऱ्याने वापरलेले असते. धर्मग्राम, निवासातला पलंग, कपाटातले ग्रंथ आणि आधीच्या फादरांनी करून ठेवलेले फेरबदलसुद्धा. तेव्हा 2013 साली बव्हेरियात, पासाउ धर्मप्रांतातल्या एका खेड्यात सेवा करीत असताना मी मोटारगाडीही वापरलेलीच घेतली, यात नवल नव्हते. नवल वाटले ते वसईतल्या आप्तांना. कारण ती गाडी बीएमडब्ल्यू होती.

“फादर, गावात लोक काय काय बोलतात!” धाकट्या भावाने फोनवर सांगितले. त्याची समजूत घालता घालता माझी पुरेवाट झाली. गाडी दहा वर्षांची, सव्वा लाखाहून अधिक किलोमीटर धावलेली, किंमत साडेचार हजार युरो. आपल्याकडे जी बडेजावाची खूण, ती तिथे सुताराच्याही अंगणात उभी असते; त्या नावातले पहिले अक्षरच मुळी बव्हेरियाचे आहे. शिवाय माझ्याकडे तीन गावांची तीन चर्चे होती आणि रविवारी बस नव्हती.

हे सारे खरे होते. परंतु ते पूर्ण सत्य नव्हते. ती 2003 ची 325 आय होती. सहा सिलिंडर एका रांगेत, 192 अश्वशक्ती, आणि ती सारी मागच्या चाकांना. गावाची वेस ओलांडून मी प्रथम पाय दाबला आणि इंजिनाचा स्वर चढत गेला, तेव्हा चाळिशी उलटलेल्या या पुरोहिताच्या आत एक सोळा वर्षांचा पोरगा जागा झाला, हे मी भावाला सांगितले नाही.

गाडी विकणाऱ्या तरुणाने हिवाळी टायरांचा संच दिला, आणि सोबत एक पोते. आत मूळच्या चार स्प्रिंगा होत्या. त्याने त्या काढून आखूड स्प्रिंगा बसवल्या होत्या व गाडी चार सेंटिमीटर खाली आणली होती. चाकेही रुंद, अठरा इंची. वळणावर ती रस्त्याला चिकटून जाई. मी पोते गॅरेजच्या कोपऱ्यात ठेवले.

जुन्या गाडीची निगा म्हणजे आजारी वृद्धाची सेवा. दुखणे येण्याआधी ओळखावे लागते. माझा मिस्त्री तसा मितभाषी. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची प्लास्टिकची टाकी आणि तिचे पाइप फुटण्यापूर्वीच बदलावेत, कारण उष्णतेने प्लास्टिक ठिसूळ होते, हे त्याने मला दोन वाक्यांत पटवले. रबरी बुश, पाण्याचा पंप, थर्मोस्टॅट यांवर माझे बरेच मानधन खर्ची पडले. 2014 च्या वसंतात तेल बदलताना तो गाडीखालून म्हणाला, “फादर, या स्प्रिंगांची कागदपत्रांत नोंद नाही.”

वाचकांना याचे गांभीर्य कळावे म्हणून थोडे सांगतो. जर्मनीत दर दोन वर्षांनी गाडीची तपासणी होते. लोक तिला ‘ट्यूफ’ म्हणतात. तिचे मूळ मोटारीत नाही, वाफेच्या बाष्पकात आहे. 1865 साली मानहाइमच्या एका मद्यशाळेत बाष्पक फुटला. पुढच्याच वर्षी तिथल्या कारखानदारांनी आपणहून तपासणीची संस्था स्थापिली. गाडीत बदल जरूर करावा, पण त्या भागाचे प्रमाणपत्र हवे, परीक्षकाने बसवलेले काम पाहून नोंद करायला हवी. एरवी रस्त्यावर चालण्याची गाडीची परवानगीच संपुष्टात येते. माझ्या स्प्रिंगांना असला कुठलाच कागद नव्हता. आधीच्या मालकाने तपासणीपुरत्या जुन्या चढवल्या असाव्यात.

“पुढच्या महिन्यात बदलू,” मी म्हणालो. असे पाच महिने गेले. मधल्या काळात मी वेदीवरून सचोटीवर प्रवचन दिले, तेही बरे झाले होते असे लोक म्हणाले.

ऑगस्टमध्ये चार वेदीसेवकांना घेऊन मी आल्टओटिंगच्या काळ्या मातेच्या दर्शनाला निघालो. तिघे मागे, एक पुढे, सामान डिकीत. मार्क्टलच्या अलीकडे एका खळग्यात मागून खर्र असा आवाज आला, पुन्हा आला, आणि जळक्या रबराचा वास सुटला. गाडी कडेला घेतली. भाराने दबलेली गाडी आणखी खाली बसली होती आणि चाकावरच्या पत्र्याच्या कडेने टायरची बाहेरची कड कापत नेली होती. आतले धागे दिसत होते. पोरे टायरभोवती कुतूहलाने उभी राहिली. त्यांतला धाकटा अकरा वर्षांचा होता. माझ्या पायांतले बळ गेले.

आम्ही लोकगाडीने मंदिरात पोहोचलो. मातेपुढे गुडघे टेकले, पण शब्द सुचेनात. परतल्यावर त्याच संध्याकाळी मी चारही घरी गेलो. ‘टायर बिघडला’ एवढेच सांगता आले असते. पोरांनी तेवढेच सांगितले होते. तिघा घरांनी ऐकून घेतले व कॉफी पुढे केली. चौथ्या घरची आई दारातच म्हणाली, “तुम्हाला ठाऊक होते, फादर?” मी होय म्हणालो. तिचा मुलगा त्यानंतर माझ्या गाडीत कधी बसला नाही. मिस्सेला मात्र येत राहिला.

पुढच्या शनिवारी मिस्त्रीने पोते उघडले. पुढच्या स्प्रिंगा शिकंजात आवळताना त्याने मला दोन पावले मागे सरकवले. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जायबंदी होतो. मग अरुंद चाके आली, चाकांचे कोन जुळवले, दिव्यांची उंची लावली. गाडी पुन्हा सभ्य उंचीवर उभी राहिली. वळणावर ती किंचित कलू लागली आणि, खरे सांगतो, मला ते आवडले नाही.

2019 मध्ये मायदेशी परतताना ती विकायला काढली. पाहायला आलेल्या तरुणाने टायर आणि पत्रा यांच्या मधल्या फटीत हात घालून पाहिला, नाक मुरडले. “आधी खाली होती ना? त्या स्प्रिंगा आहेत का अजून?”

“भंगारात दिल्या,” मी म्हणालो. त्याने दोनशे युरो कमी केले.