सरकीचं गाडगं

पैनगंगेच्या या काठाला, बेला-जैनथच्या काळ्या रानात, पूर्वी होतं आणि आता नाही, त्यातलं थोडं.

गावरानी कापूस. निजामाच्या राज्यात नांदेड-आदिलाबादची ओळख.

सरकीचं गाडगं. चांगल्या बोंडांची सरकी वेगळी काढायची. मृगाआधी शेणामातीच्या काल्यात घोळून सावलीत वाळवायची. लव दबते, दाणा सुटा होतो, टोबताना बोटाला चिकटत नाही. बियाण्याचा भाव पटला नाही तर दुकानाच्या पायरीवरून परत फिरता येई, ते या गाडग्याच्या जोरावर. बाजारातली स्पर्धा मी इथूनच मोजतो. विकणारे किती, हे नंतर; आधी घेणाऱ्याला ‘नको’ म्हणता येतं का?

२००२ मध्ये बोलगार्डला, म्हणजे बोंडअळीला मारणारं विष अंगातच असलेल्या बीटी कापसाला, परवानगी मिळाली. बीटी आलं ते संकरित वाणांतून, आणि संकरिताची सरकी पुढच्या वर्षी तसं पीक देत नाही. गाडगं रिकामं झालं.

बीटी बियाण्याची सोळाशेच्या वरची पिशवी. ४५० ग्रॅमची. त्यातले १२५० रुपये नुसते जनुकाचे, महिको-मोन्सँटोच्या कंपनीकडे जाणारे. तेव्हाच्या आंध्र प्रदेश सरकारनं मक्तेदारीविरोधी एमआरटीपी आयोगाकडे तक्रार नेली आणि २००६ मध्ये पिशवी ७५० वर आली. पाठोपाठ इतर राज्यांतही भाव उतरले. एक सरकार शेतकऱ्यासाठी असं भांडलं, हे आदिलाबादच्या पोरांना शाळेत सांगायला हवं.

एमआरटीपी आयोग. तोही २००९ मध्ये गेला, त्याचं काम भारतीय स्पर्धा आयोगाकडे, इंग्रजी आद्याक्षरांत ‘सीसीआय’कडे, आलं. आदिलाबादेत ‘सीसीआय’ म्हणजे कापूस घेणारं महामंडळ, नाहीतर बंद पडलेला सिमेंटचा कारखाना. दिल्लीतल्या या तिसऱ्या सीसीआयनं २०१६ मध्ये त्याच कंपनीच्या चौकशीचा आदेश दिला, पण यार्डात गाडीवर बसून नंबराची वाट पाहणाऱ्याच्या बोलण्यात तो येत नाही.

दुकानातली निवड. फळीवर डझनावारी पिशव्या, दरसाल नवी नावं. आत जनुक बहुतेक एकाच घरचं, कारण परवाना देणारं मोठं घर एकच होतं. पिशव्या मोजून स्पर्धा आहे म्हणणं मला मान्य नाही.

रेफ्युजची पुडी. पिशवीसोबत पूर्वी येणारं १२० ग्रॅम बिगर-बीटी बी. कडेनं लावलं तर बोंडअळीला बीटी पचायला वेळ लागतो. किती पुड्या बांधावरच राहिल्या!

जनुकाचे पैसे. केंद्रानं भाव बांधून दिल्यावर २०१६ मध्ये ४९ रुपये, २०२० मध्ये शून्य. तोवर गुलाबी बोंडअळी ते विष पचवू लागली होती. पैसे माफ झाले तेव्हा ज्यासाठी ते मोजले तो गुण या अळीपुढे उरला नव्हता.

आता पेरणी जवळ आली की तणनाशक सोसणाऱ्या, परवानगी नसलेल्या बियाण्याची पिशवी गुपचूप हिंडते. तिला पावती नसते. बी उगवलं नाही तर भांडायला समोर कुणी नसतं.