फेरारी, लॅपटॉप आणि डिलिव्हरीची बाईक

ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केल्यावर २००२ मध्ये सचिनला फेरारी ३६० मोडेना भेट मिळाली. या मॉडेलला जास्त पैसे मोजून ‘एफ-वन’ गिअरबॉक्स घेता यायचा. क्लच पेडल गायब, स्टिअरिंगमागची पट्टी ओढली की गिअर बदलला. तेव्हा तेच भविष्य वाटायचं. आज जुन्या ३६० घेणारे साध्या गिअरच्या दांड्याला जास्त भाव देतात. पट्ट्यांचे गिअरबॉक्स पुढे कितीतरी वेगवान झाले, दांड्याची मजा होती तशीच राहिली.

नव्वदच्या दशकातल्या मॅकलारेन एफ-वनच्या देखभालीसाठी तर कंपनीला २०१६ मध्येही कॉम्पॅकचे जुने लॅपटॉप सांभाळावे लागत होते.

मग हायटेक सगळंच लवकर म्हातारं होतं का? १९५४ च्या मर्सिडीज ३०० एसएलमधलं फ्युएल इंजेक्शन तेव्हा नवलाईचं होतं. आज आमच्या देवनारच्या सिग्नलला थांबलेल्या डिलिव्हरीवाल्याच्या बीएस-६ बाईकमध्येही इंजेक्शनच असतं.

जे सगळ्यांच्या हातात गेलं ते टिकलं. जे एकाच कंपनीच्या लॅपटॉपमध्ये अडकलं ते अडलं. मी सॉफ्टवेअर लिहितो, आणि नव्या गाड्यांत आता तेच ठासून भरलंय. अपडेट बंद झाल्यावर ते उघडून दुरुस्त कोण करणार, हे गाडी विकतानाच ठरायला हवं.