फक्त ऐकणारं यंत्र

हातात मावणारं जीपीएस यंत्र घ्यायचं म्हटलं की आमच्या घरात दोन पक्ष पडतात. एक पक्ष विचारतो, खिशात फोन असताना हे कशाला? दुसऱ्या पक्षात एकटी अम्मी. तिचा प्रश्न वेगळा असतो : ‘तुझं नाव काय आहे ते लक्षात आहे ना?’

पहिल्या पक्षाला उत्तर देणं सोपं आहे, म्हणून आधी तेच.

फोन वाईट नाही. नकाशे आधी उतरवून ठेवले तर रेंज नसलेल्या रानातही त्याचा जीपीएस चालतो, कारण उपग्रहांना मोबाइलच्या टॉवरशी काही देणंघेणं नसतं. अडचण पावसात येते. जुलैमधल्या सह्याद्रीत ओल्या बोटांना फोनचा पडदा दाद देत नाही, उलट पाण्याचे थेंबच त्यावर काहीबाही दाबत सुटतात. दिवसभर वाट नोंदवत ठेवली की संध्याकाळी बॅटरी माना टाकते, आणि फोन मेला की घरी कळवायचं साधनही मेलं. हातातल्या यंत्राला बटणं असतात. गार्मिनच्या ईट्रेक्स मालिकेत बहुतेक ठिकाणी दोन पेन्सिल सेल लागतात, जे पायथ्याच्या गावातल्या दुकानातही मिळतात. ईट्रेक्स ३२एक्स त्यावर साधारण २५ तास चालतं. नंतर आलेल्या ईट्रेक्स एसईसाठी तर कंपनी १६८ तासांचा आकडा देते, पण त्यात तपशीलवार नकाशा पाहता येत नाही. मला नकाशा हवा होता.

मला यंत्राचं वेड लागलं ते जिओकॅशिंगमुळे. हा खेळ आपल्याकडे फारसा माहीत नाही. कुणीतरी एक डबा कुठेतरी लपवतो, त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो, बाकीचे शोधत येतात. डब्यातल्या वहीत नाव लिहायचं, एखादी वस्तू घेतली तर एक ठेवायची, डबा होता तसा लपवून निघायचं. याचा जन्म अगदी नेमका सांगता येतो. नागरी वापराच्या जीपीएसमध्ये अमेरिकन सरकार मुद्दाम चूक मिसळत असे, त्यामुळे जागा शंभरेक मीटर इकडेतिकडे दिसायची. मे २०००च्या सुरुवातीला ही भेसळ बंद झाली. ३ मे रोजी डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थाने ओरेगन राज्यातल्या बीव्हरक्रीकजवळच्या झाडीत एक बादली लपवली आणि तिचा ठावठिकाणा इंटरनेटवर टाकला. तीन दिवसांत दोघांनी ती शोधली.

खेळात जागा अंश आणि दशांश मिनिटांत लिहितात. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १८५२ मीटर. त्याचा हजारावा भाग म्हणजे दोन मीटरपेक्षा थोडा कमी. हे मला पुस्तकातून कळायच्या आधी मिरकरवाड्याच्या मामूंच्या वहीतून कळलं होतं. मच्छीमार बोटींवर जीपीएस आलं तेव्हापासून मामू त्या वहीत ‘पॉइंट’ लिहीत आलेत : कुठल्या खडपावर जाळं फाटतं, कुठे मासळी लागली. पद्धत तीच, अंश आणि दशांश मिनिटं. ती वही ते कुणाला दाखवत नाहीत. मला दाखवली, कारण मला मासे पकडता येत नाहीत.

आता निवडीकडे. दुकानदार आधी ‘किती उपग्रह पकडतं’ ते सांगतो. जीपीएस, रशियाचं ग्लोनास, युरोपचं गॅलिलिओ. आज त्यात फार फरक उरलेला नाही. खरा फरक दोन गोष्टींत पडतो.

पहिली म्हणजे होकायंत्र. साध्या यंत्राला तुम्ही चालत असाल तरच दिशा कळते, कारण ते आधीची जागा आणि आताची जागा यांवरून दिशा काढतं. थांबलात की बाण गोंधळतो. डब्यापासून दहा मीटरवर माणूस नेमका थांबलेलाच असतो, म्हणून वेगळं इलेक्ट्रॉनिक होकायंत्र असलेलं मॉडेल घ्यावं. ३२एक्समध्ये ते आहे, २२एक्समध्ये नाही. मला त्याचा आणखी एक उपयोग आहे. काबाची जागा मी एक बिंदू म्हणून साठवून ठेवली आहे. पठारावर असरची वेळ झाली की बाण किब्ला दाखवतो. पुण्याच्या आसपास तो सरळ पश्चिमेला नसून पश्चिमेपासून सुमारे ११ अंश उत्तरेकडे येतो. आमच्याकडची बरीच मंडळी मावळतीकडे तोंड करून मोकळी होतात, त्यांच्याशी मी वाद घालत नाही.

दुसरी गोष्ट थोडी खोल आहे. उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर असतात आणि त्यांचा संदेश जमिनीवर पोचेपर्यंत फार क्षीण झालेला असतो. हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेसारख्या अरुंद घळीत तो कड्यावर आपटून, वळसा घेऊन यंत्रापर्यंत येतो. यंत्र संदेशाला लागलेल्या वेळावरून अंतर मोजतं, त्यामुळे वळसा घेतलेला संदेश अंतर वाढवून सांगतो आणि नकाशावरचा ठिपका समोरच्या भिंतीत जाऊन बसतो. दोन वारंवारिता ऐकणारी यंत्रं, उदाहरणार्थ जीपीएसमॅप ६५एस, हा गोंधळ बराच कमी करतात. ती महाग असतात, आणि सेल १६ तासांत संपतात.

महिनाभर मी या ६५एसवर अडकून होतो. मग एक साधी गोष्ट लक्षात आली. जिथे ठिपका सर्वांत जास्त चुकतो त्या नळीत वाट एकच असते, वर नाहीतर खाली. माणूस खरा हरवतो तो धुकं उतरलेल्या पठारावर, जिथे दहा पावलांपलीकडचं दिसत नाही आणि एका बाजूला कडा असतो. पण पठारावर आभाळ मोकळं असतं, तिथे स्वस्त यंत्रही चार-पाच मीटरच्या आत बरोबर सांगतं. दाट रानातल्या ढोरवाटांचा अपवाद सोडला, तर आपल्या डोंगरांत ३२एक्स पुरतं. डब्याच्या शेवटच्या पाच मीटरसाठी डोळे आहेतच.

आता अम्मीचा प्रश्न.

तिला घाबरट म्हणून बाजूला सारता येत नाही. नोव्हेंबर २००८मध्ये मुंबईवर हल्ला करणारे समुद्रातून आले. त्यांनी पळवलेल्या ‘कुबेर’ या मच्छीमार नौकेवर सॅटेलाइट फोन आणि जीपीएस यंत्र सापडलं. त्या दिवसांत ‘जीपीएस’ हा शब्द अनेक घरांनी पहिल्यांदा ऐकला, तो त्या बातमीत. अम्मीने तो तिथेच ऐकला, तोही आपला भाऊ रोज रात्री तसलंच यंत्र घेऊन समुद्रात जातो हे माहीत असताना.

मामूंनी मात्र तिला एका वाक्यात समजावलं : ‘आपा, यंत्र ऐकतंय तोवर कुणाच्या भानगडीत नसतं. बोलायला लागलं की कागद लागतो.’

याहून चांगला सल्ला मला कुणी दिला नाही. जीपीएस यंत्र काहीही पाठवत नाही. रेडिओवर बातम्या ऐकणाऱ्या माणसाइतकंच ते मुकं असतं. तुम्ही कुठे आहात ते उपग्रहाला कळत नाही, फक्त तुम्हाला कळतं. पण याच कंपनीच्या जीपीएसमॅप ६६आय किंवा इनरीच यंत्रांत इरिडियम उपग्रहांमार्फत संदेश पाठवायची, संकटात मदत मागायची सोय असते. दिसायला दोन्ही भावंडं. आपल्याकडे परवानगीशिवाय असं पाठवणारं यंत्र जवळ बाळगणं गुन्हा ठरतो. हे निर्बंध १८८५चा तार कायदा आणि १९३३चा बिनतारी कायदा यांच्यापासून चालत आलेले आहेत. अशा यंत्रांमुळे परदेशी पर्यटकांना आपल्या विमानतळांवर अडवल्याच्या बातम्या आल्या आहेत. कुणी आखातातला भाऊ ‘तुझ्यासाठी भारीतलं आणतो’ म्हणाला, तर मॉडेलचं पूर्ण नाव विचारून घ्या. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी वस्तू तिथूनच येतात, म्हणून मुद्दाम सांगतोय.

गंमत अशी की, खिशातला फोन दिवसभर टॉवरशी बोलत असतो आणि त्याच्याकडे कुणी वळूनही पाहत नाही. संशय येतो तो मुक्या यंत्राचा.

तो मी पाहिलाय. एका किल्ल्याच्या पायथ्याशी मित्राचं यंत्र माझ्या हातात होतं. तीन-चार पोरं आली, हे काय म्हणून विचारलं, मग नाव विचारलं. नाव ऐकल्यावर प्रश्न वाढले : कुठून आलात, कशाचं मोजमाप चाललंय, कुणी पाठवलं. मित्र बाजूलाच होता, यंत्र त्याचं होतं, त्याला कुणी काही विचारलं नाही. मी पडदा त्यांच्यासमोर धरला आणि त्यांच्या वाडीची समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवली. पाच मिनिटांत त्यांच्यातलाच एक आपल्या घरापाशी चला म्हणून मागे लागला, त्याला घराची उंची हवी होती. तीही मोजून दिली. चहा त्यांनीच पाजला. तरी ‘कुणी पाठवलं’ हा प्रश्न त्या चहाने पुसला गेला नाही.

म्हणून यंत्र घेतलं, ३२एक्सच घेतलं, पण त्याच्याबरोबर काही नियमही आले. बिलाची झेरॉक्स प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सॅकच्या वरच्या कप्प्यात असते. ही अम्मीची अट. मित्राच्या सॅकमध्ये बिल नसतं, त्याला ते कुठे ठेवलंय हेही आठवत नाही. डबे मी लपवत नाही. ज्या शहरांत स्टेशनावर बेवारस वस्तूंबद्दल रोज बजावलं जातं तिथे झुडपात डबा ठेवून निघून जाणारा माणूस मी असू नये, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. शोधायला मात्र जातो. अर्थकॅश नावाचा एक प्रकारही आहे, त्यात डबा नसतोच. एखाद्या भूवैज्ञानिक जागी जायचं, खडक नीट पाहायचा आणि विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं पाठवायची. बेसॉल्टच्या थरांवर उभ्या असलेल्या आपल्या मुलखाला हा प्रकार फार शोभतो.

नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा फुकट मिळतो, तोच यंत्रात घातलाय. त्यात पुष्कळ वाड्यांची नावं नाहीत, पाणवठे तर जवळजवळ नाहीतच. ते आता मीच भरत असतो, रविवारी रात्री, अम्मी बाजूला बसून नावं वाचते तेव्हा.